सात प्रश्नचिन्हं

८ मार्च २०२५, शनिवार

उद्या बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वर्षश्राद्ध. घरात पाहुणे, ओट्यावर तीन शेगड्या, आणि मी आतल्या खोलीत बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे. आईंनी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं, "त्यांची छत्री, चपला, घोंगडी द्यायची हाय, तसा तो डबा पण देऊन टाका. शाळेला द्या, पोरं शिकतील." मी रोज "करते, करते" म्हणत आज शेवटच्या दिवशी बसले.

त्या डब्यात बाबांचं अख्खं भाताचं बियाणं आहे. म्हणजे बियाणं माजघरातल्या बरण्यांत आहे, दोनशे चौदा बरण्या, झाकणावर फक्त नंबर. पण कुठल्या बरणीत कुठलं वाण, किती दिवसांचं, कुठल्या जमिनीत चालतं, हे सगळं कॉम्प्युटरात. साजगावच्या कारखान्यात बाबा स्टोअर सांभाळायचे, तिथे कॉम्प्युटर शिकले. कृषी कॉलेजच्या एका मुलाने त्यांना हा प्रोग्रॅम करून दिला होता. तेव्हाचा जुना मराठी फॉन्ट. असा फॉन्ट म्हणजे नुसता मुखवटा. आत इंग्रजी अक्षरं नि चित्रविचित्र खुणा साठवलेल्या असतात, वरून मराठी दिसतं. आजच्या कुठल्याच मशिनवर ते वाचता येत नाही.

मला काय, रोजचंच काम. मशिनमधल्या अक्षरांना या पद्धतीतून त्या पद्धतीत नेणं यावर दहा वर्षं पोट भरतेय. लोकांची तमीळ, गुजराती, मराठी नावं एका डेटाबेसातून दुसऱ्यात नेली, एक वेलांटी कधी सांडली नाही. तासाभरात सगळं युनिकोड करून माझ्या जुन्या लॅपटॉपवर ओतलं. दोनशे चौदा ओळी गेल्या, दोनशे चौदा पोचल्या. मग बाबांची डिस्क पूर्ण पुसली, तीनदा. दान द्यायचं तर भांडंसुद्धा घासून देतात.

९ मार्च

छान झालं सगळं. शाळेच्या बाई कॉम्प्युटर रिक्षात घालून घेऊन गेल्या. आईंनी जाताना कीबोर्डवरचं फडकं काढून घेतलं, घडी करून कनवटीला लावलं. म्हटलं, आई, फडकं कशाला? म्हणाल्या, "राहू दे. भात निवडताना बसायला घेत व्हते मी."

संध्याकाळी बाबा टाइप करायचे तेव्हा त्या तिथेच सूप घेऊन बसायच्या. बाबांना एकट्याने बसायला आवडायचं नाही बहुतेक. तोंडाने बडबड चालू असायची दोघांची. या वर्षभरात ती खोली फार गप्प झाली.

२३ मार्च, रविवार



आज सहज लॅपटॉपवर बाबांच्या नोंदींचं टेबल उघडलं. प्रश्नचिन्हं. वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं.

मराठी ठेवायची सोयच त्या टेबलाला दिलेली नव्हती. लॅपटॉपवरचा डेटाबेस पुरातन, त्याला न सांगता टेबल केलं की तो फक्त युरोपातली अक्षरं घेतो. बाकी जे समजत नाही त्याच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठोकतो आणि गुपचूप पुढे जातो. इशारे दिले होते बिचाऱ्याने, दोनशे चौदा. मी वाचले नाहीत. मधली फाइल ठेवली नाही. ओळी मोजल्या, ओळ वाचली एकही नाही. ऑफिसात यासाठी माझ्याच हातची अकरा कलमांची यादी भिंतीवर आहे. घरी म्हटलं, घरचंच तर काम.

सुप्रिया, तू मूर्ख आहेस.

२४ मार्च

सुट्टी टाकून शाळेत गेले. दिलेलं परत मागायचं नसतं, म्हणून बाईंना म्हटलं, "नुसतं बघते, नीट चालतोय ना." डिस्कवर नवीन सिस्टिम, पोरांनी काढलेली झोपडी, सूर्य आणि हिरवा कुत्रा. बाबांचं काही नाही. मीच तर तीनदा पुसली होती, मी पुसलेलं मलाही परत आणता येत नाही.

ऑफिसातल्या श्रद्धाला फोन केला. ती हसेल वाटलं होतं. हसली नाही. हळूच म्हणाली, "प्रश्नचिन्ह झालं म्हणजे मूळ अक्षर गेलं गं. तुला माहितेय." माहितेय. मीच गेल्या वर्षी नव्या मुलांना शिकवलंय ते.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. जेवताना आई म्हणाल्या, "औंदा सत्तर बरण्या काढायला लागतील. दोन साल झाली त्यांना. अजून एक साल ठेवल्या तर रुजणार नायत." हृषी, माझा नवरा, म्हणाला, "सुप्रियाकडे आहे ना यादी, ती काढेल." मी श्रीखंडाची वाटी चाटत होते, चाटतच राहिले.

म्हणजे झालं असं आहे. रोहिणी लागल्या की सत्तर वाणं राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, पडायला हवीत. लवकर पिकणारं हळवं कुठलं, उशिरा पिकणारं गरवं कुठलं, माळावरच्या वरकसचं कुठलं आणि पाणी साचणाऱ्या खाचरातलं कुठलं, हे कळल्याशिवाय पेरलं तर अर्धं कुजेल नि अर्धं वाळेल. नाही पेरलं तर बरणीतच मरेल. बाबांनी एकोणीस वर्षं जमवलेलं मी एका तासात संपवलं, आणि हे घरात एकाही माणसाला माहीत नाही.

६ एप्रिल

सगळं गेलेलं नाही. आकडे इंग्रजी खुणांतच होते, ते वाचलेत. मोकळ्या जागा आणि पूर्णविरामही. एका ओळीत असं दिसतं:

41 ??? ?????. 120 ????. ?????? ?????.

एकशेवीस दिवसांचं काहीतरी, एवढं कळतं. पण कुठलं? डेटाबेस एका खुणेला एक प्रश्नचिन्ह देतो. काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजून. त्यामुळे शब्दांची लांबी मात्र तंतोतंत आहे. अंदाजाने शब्द बसवत बसले दुपारभर. तीन खुणांचे मराठीत हजार शब्द. सोडून दिलं.

रकान्यांची नावं जुन्या प्रोग्रॅमला इंग्रजीतच लागायची, म्हणून ती शाबूत आहेत: NAV, MUDAT, JAMIN, NOND. शेवटचा SANGNAR. त्यात जवळपास सगळीकडे एकसारखी सात प्रश्नचिन्हं. प्रोग्रॅमचाच काही बिघाड असेल, एकच मजकूर खाली ओढला गेलेला दिसतो. तो रकाना काढूनच टाकते पुढेमागे.

१३ एप्रिल

आज मी आईंवर खेकसले.

माजघरात बरण्या मांडून बसले होते, दाण्यांचे फोटो काढत. म्हटलं इंटरनेटवर ताडून बघू. आई दारात येऊन उभ्या. "एक बरणी दे गं इकडं, बघू." मी म्हटलं, "आई, प्लीज. दोनशे चौदा आहेत. मिसळलं तर वाट लागेल. तुम्हाला नाही कळणार यातलं."

"नाय बाई, मला कुठलं कळतंय," म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. बाहेरची माणसं बियाणं बघायला यायची तेव्हाही त्या हेच म्हणायच्या नि आत जायच्या. शाल-श्रीफळाचे सगळे फोटो बाबांचे. भिंतीवर सात सन्मानपत्रं आहेत, एकाही फोटोत आई नाहीत.

चहा चांगला झाला होता. वेलची घातली होती, मला आवडते म्हणून. मला रडायला आलं.

२७ एप्रिल

हृषीला सांगितलं. पळसदरीच्या धरणावर फिरायला म्हणून नेलं आणि बांधावर बसून सगळं ओकले. तो म्हणाला, "आईला सांग."

"त्यांना काय वाटेल रे? बाबांचं उरलेलं तेवढंच होतं."

"महिनाभर तू जेवत नाहीस नीट. ती मला तीनदा विचारून गेली, सुप्रियाचं माहेरी काही बिनसलंय का म्हणून. तू सांग, नाहीतर मी सांगतो."

नवरा कधी नव्हे तो शहाण्यासारखा बोलला, म्हणून राग आला.

३ मे, शनिवार

सांगितलं.

आई पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. खाली ते कीबोर्डवरचं फडकं. मी समोर बसले आणि एका दमात म्हणाले, "आई, बाबांच्या सगळ्या नोंदी माझ्या हातून गेल्या. परत येणार नाहीत. कुठल्या बरणीत काय आहे ते आता कुणालाच कळणार नाही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "एवढंच?"

"एवढंच काय, आई! सगळं गेलं."

"मला वाटलं तुला काय दुखणं झालंय. म्हटलं पोरगी सांगत नाय." माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मी रडले. चांगली हमसून हमसून, नाक गळेपर्यंत. मग त्या म्हणाल्या, "आता डोळे पूस अन् ती एक्केचाळीसची आण. तू मघा घेऊन बसलेलीस ती."

आणली. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला, वास घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लाल पाटणी. एकशेवीस दिवस. वरकसला चालते."

मी धावत लॅपटॉप आणला. एकशेवीस. टाइप केलं: लाल, तीन खुणा. पाटणी, पाच. दिवस, चार. वरकसला, सहा. चालते, पाच. सगळं बरोब्बर बसलं.

"आई, तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, लोंब्या कोण निवडायचं? शेतात बी धरायचं काम बायांचं. ते नुसते इचारायचे अन् बडवायचे त्या खटक्यांवर." आणि हसल्या. "माझं बोलणं भरभर, त्यांची बोटं सावकाश. 'थांब गं, थांब गं' करत बसायचे."

मी नऊ वर्षं या घरात आहे. नऊ वर्षं त्या खोलीवरनं जाता-येता ते "थांब गं" ऐकलंय.

४ मे

आज बावीस बरण्या झाल्या. त्यातल्या एकवीस एकेका खुणेपर्यंत जुळल्या. एक चुकली, तर आई म्हणाल्या, "मीच चुकले, ही रायभोग नव्हं, हिचं कुसूळ बघ." मग जुळली.

सव्वीस नंबरच्या नोंदीत आकडाच नव्हता, नुसती लांबलचक ओळ. ??? ???? ???? ???? ?????. आईंनी दाणे तळहातावर पसरले, म्हणाल्या, "ऋषी झाला त्या साली लावली." हृषीला त्या ऋषीच म्हणतात, तसंच लिहिलं. बसलं. हे काय शेतकीच्या नोंदीत घालायचं असतं का? पण बाबांनी घातलं होतं. आईंनी सांगितलं नि त्यांनी, थांब गं थांब गं करत, घातलं होतं.

हृषी स्वतः मागे उभा होता. स्वतःच्या जन्माचं भात हातात घेऊन बघत होता येड्यासारखा.

११ मे

शहाण्णव झाल्या. आता आमची पद्धत बसलीय. मी नंबर वाचते, त्या बघतात, बोलतात, मी टाइप करते. त्या भरभर बोलतात. मी म्हणते, "थांबा हो आई, थांबा." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा दोघीही थांबलो. मग त्या म्हणाल्या, "बरं, थांबते."

या वेळी टेबल नीट केलंय, सगळ्या जगाची अक्षरं मावतील असं. रोज दोन प्रती काढते, आणि दर दहा ओळींनी मोठ्याने वाचून दाखवते. आईंची अट आहे. वाचून दाखवल्याशिवाय बंद करायचं नाही. बाबांकडूनही असंच करून घ्यायच्या म्हणे.

१८ मे

अडलो. एकशे बावन्न नंबर. काळे दाणे, लांब कुसळं. आई म्हणाल्या, "हे मला नाय ठाऊक. हे हिरूचं. कशेळ्याच्या वर वाडीला ऱ्हातो त्याचं. तो सांगायचा ते यांनी घातलेलं."

मग कशेळ्याला गेलो, बाजारात. हिरू भाऊ जीपच्या थांब्याजवळ सापडले, पाठीला करवंदांची पाटी. बरणी बघितली, दाणा चोळला आणि सगळं सांगितलं: कधी पेरायचं, कुठल्या उतारावर, आणि मोराला ते फार आवडतं हेही. मी तिथेच गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून लिहिलं. सगळं जुळलं, मोरासकट. हिरू भाऊंनी आईंना करवंदं दिली आणि मला म्हणाले, "मालोजीदादा चांगला मानूस. सांगंल त्याचं नाव घालायचा. माझं पन घातलंय, दाखवलेलं मला."

जीपमधून येताना करवंदं खाऊन आमची दोघींची तोंडं जांभळी.

२४ मे, शनिवार

उद्या रोहिणी लागतात. सत्तरच्या सत्तर पुरचुंड्या बांधून तयार आहेत, आणि एकूण दोनशे चौदा बरण्यांना नाव परत मिळालं. शेवटची ओळ संध्याकाळी पाच वाजता वाचून दाखवली.

राहिला तो SANGNAR चा रकाना. काढून टाकायचं ठरवलं होतं ना मी. काढायच्या आधी एकदा बघितला. एकशे बावन्नला सात नाहीत, चार प्रश्नचिन्हं आहेत. ह, वेलांटी, र, उकार. हिरू. हिरू भाऊंनी दिलेल्या इतर बरण्या बघितल्या, तिथेही चारच. रकाना बिघडलेला नव्हताच. सांगणार. ज्याने सांगितलं त्याचं नाव.

सत्तावीस ओळींत दुसऱ्यांची नावं. उरलेल्या एकशे सत्त्याऐंशी ओळींत सात.

आधी बाबांचंच नाव टाइप केलं. मालोजी. सहा. मग दुसरं केलं आणि बोटाने एकेक खूण मोजली. इ, अनुस्वार, द, उकार, ब, काना, ई.

उठून बाहेर गेले. आई पडवीत पुरचुंड्या टोपलीत रचत होत्या.

"आई, बाबांनी बियाण्याच्या नोंदीत तुमचं नाव घातलं होतं. सांगणार म्हणून."

"माझं?" हात थांबले. "ऋषीची आई म्हणून घातलं असंल."

"नाही. इंदूबाई म्हणून."

आईंनी टोपलीतली एक पुरचुंडी काढली, परत ठेवली. "कधी हाक मारली नाय गं नावानं. 'अगं', नायतर 'ऋषीची आई'. चव्वेचाळीस सालं." मग म्हणाल्या, "लग्नात घेतलेलं म्हणतात. बेंजो चालू होता, मला नाय ऐकू आलं."

"एकशे सत्त्याऐंशी वेळा लिहिलंय, आई."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी शेजारी बसले. समोरच्या राबात कावळे उतरले होते, त्यांनाही त्यांनी हाकललं नाही.

मग म्हणाल्या, "दाखव."

मी आत नेलं. सात प्रश्नचिन्हांच्या जागी सगळीकडे नाव भरलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं, बाबांच्या. वाचता येत नाही त्यांना. मी बोट ठेवून दाखवलं, हे तुमचं. मग त्यांनी स्वतः बोट ठेवलं. खाली, खाली, खाली. प्रत्येक ओळीला विचारायच्या, "हे पण?" आणि मी म्हणायचे, "हे पण." हिरूच्या ओळीला थांबल्या, "हे नाय." बरोबर ओळखलं.

"अन् लिवणाऱ्याचं कुठं हाय?"

लिहिणाऱ्याचा रकानाच नव्हता. बाबांनी ठेवला नव्हता. "करू का?" म्हटलं. "कर." केला. "काय घालू यात? तुम्ही नाव घ्या, आई."

त्या लाजल्या. खरंच लाजल्या, सहासष्ट वर्षांची बाई. "उखाणा नाय येत आता मला."

"नुसतं घ्या."

दाराकडे बघितलं कुणी आहे का. हृषी कामावर होता. मग स्क्रीनकडे बघत हळू, पण स्पष्ट म्हणाल्या, "मालोजी."

मी टाइप केलं. त्यांनी विचारलं, "आलं?" म्हटलं, आलं. वाचून दाखव म्हणाल्या, दाखवलं. दोन नावं, एकाच ओळीत, शेजारी शेजारी.

उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता पुसू नको हां, सुप्रिया."

तीन ठिकाणी ठेवलंय. चौथी प्रत कर्जतला जाऊन कागदावर छापून आणेन सोमवारी, बरण्यांच्या फडताळात राहील. उद्या सकाळी सहाला राबात जायचंय. आईंनी सांगितलंय, पहिली एक्केचाळीस पेरायची.